दुधी म्हंजे कंचा रंग?

"रोहिणी रंग ठरवणार न्हाई म्हंजे न्हाई!" सावळेराम भावजींनी नळाखालचा हंडा बाजूला आपटला आन् मिशीला पीळ दिला. "लावा पैज, गोजरवहिनी."

"लावली," मी म्हणलं. मला पैज लावायला कारण लागत न्हाई, समोर माणूस लागतो.

वारूळवाडीत आमच्या गल्लीत तीन घरं एकमेकांना खेटून. एका कडेला आमचं, दुसऱ्या कडेला सावळेराम भावजींचं, आन् मधोमध गेणू तात्यांचा नवाकोरा स्लॅबचा बंगला. आतल्या भिंती फिक्कट गुलाबी झाल्या व्हत्या. राहिल्या व्हत्या त्या दारं-खिडक्यांच्या चौकटी आन् भिंतीच्या पायथ्याची पट्टी. तात्यांनी लेकीला सांगितलं, "रोहिणी, चौकटींचा रंग तू ठरव. तुझ्या हातचं कायतरी राहू दे घरात." रविवारी तिला बघायला पावणं यायचं व्हतं. तवर सगळं उरकायला पायजे.

आता ही रोहिणी म्हंजे काय चीज, ते ऐका. बी.कॉम. झालेली, पण कासारणीपुढं अख्खी दुपार बसून मोकळ्या हातानं उठणारी. 'हे असंच का?', 'ते तसं का नाय?' असं विचारून मास्तरांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना घाम फोडणारी. आलेल्या प्रत्येक स्थळाला 'बघू' म्हणून कटवलेलं. तवा भावजींची बाजू तशी भक्कमच व्हती.

पैजेचं ठरलं असं. पावण्यांची गाडी दारात लागायच्या आत रोहिणीनं ठरवलेला रंग चौकटीला लागला, तर मी जिंकले. मग मारुतीच्या पारावर, सगळ्यांच्या समोर, भावजींची मिशी त्याच रंगात रंगवायची. न्हाई लागला, तर मी त्यांच्या म्हशीला त्याच पारावर आणून, कुंकू लावून, "सासूबाई, चुकलं माझं" म्हणत ओवाळायचं.

"म्हशीला सांगून ठेवतो," भावजी म्हणले. "सून येतीय म्हणून."

त्याच दिवशी सकाळी एम-एटी फटफट करत गल्लीत आली. हँडलला दोन्हीकडं रंगाचे डबे लटकवलेले. वर एक पोरगा, काळासावळा, नाकीडोळी झ्याक, आन् अंगात इस्त्रीचा शर्ट. कामाला येताना शर्टाला इस्त्री कशापायी, हे मला तवाच पुसावंसं वाटलं.

रोहिणी ओसरीवर पावटा सोलत बसली व्हती. माझ्या स्वैपाकघराची खिडकी त्यांच्या ओसरीवरच उघडती. खिडकी माझ्या नवऱ्यानं बसवली, मी न्हाई. माझा काय दोष?

"ओ ताई, गेणू तात्यांचं घर हेच का?"

आमच्याकडं कधी कधी नवरामुलगा आधी गुपचूप येऊन पोरगी बघून जातो. रोहिणीला वाटलं, हा तोच. डबे तिला दिसलेच न्हाईत, इस्त्री तेवढी दिसली. तिनं ताट बाजूला सारलं.

"हेच घर. आन् मीच ती. स्वयंपाक बरा येतो, गाणं येत नाय, लग्नाची घाई नाय. अजून काय विचारायचंय?"

पोरानं मान खाजवली. जरा घुटमळला...

"चौकटी किती हायेत?"

मी खिडकीत पदर तोंडात कोंबला. रोहिणीचा चेहरा आधी पांढरा, मग लाल, आन् मग ती अशी हसली की ताटातला पावटा गडगडत ओसरीभर झाला. तो डबे ठेवून पावटा गोळा करायला लागला.

"मी हनुमंत," वाकल्या वाकल्याच म्हणला. "आळेफाट्याला ट्रक रंगवतो. तुमचा नेहमीचा पेंटर लग्नाला गेलाय, म्हणून तात्यांनी मला सांगावा धाडला."

"ट्रक? मग आमच्या चौकटीवर मोर काढणार का?"

"सांगितला तर काढीन. पण मोर काढला की मागं गाडीचा नंबरबी टाकावा लागंल."

दुसऱ्या दिवशीपासनं मी एक गोष्ट टिपली. आमच्याकडं कोणीबी पेंटर, गवंडी, सुतार आला की घरातली पोर म्हंजे 'ताई'. दर वाक्याला दोनदा. हा गडी पहिल्या दिवशी एकदा 'ताई' म्हणला, ते शेवटचं! मग नुसतं 'तुमी'. 'अवो' बी न्हाई. सावळेराम भावजींना मी हे सांगितलं तर म्हणले, "विसरला असंल." पुरुषांना असल्या गोष्टी कळल्या असत्या तर जगात एवढा गोंधळ कशाला झाला असता?

त्यानं ओसरीच्या दाराच्या चौकटीला भेगांत लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासली, आन् बोटभर बोटभर रंगाचे पट्टे मारून दाखवायला लागला.

"हा चॉकलेटी. सगळे हाच लावत्यात. मळत न्हाई."

"मळत नाय म्हंजे मळतोच, फक्त दिसत नाय. बरोबर ना?"

हनुमंत ब्रश हातात धरून तसाच थांबला. "...बरोबर."

"मग नको."

"हा राखाडी."

"ह्याला राखाडी का म्हणत्यात? राख तर चुलीगणिक वेगळी असते. बाभळीची वेगळी, कडब्याची वेगळी."

"मी कधी राख बघून रंग घोटला न्हाई."

"मग बघा की." तिनं चुलीतली चिमूटभर राख आणून त्याच्या तळहातावर ठेवली. ठेवताना बोट जरा जास्तच वेळ टेकलं... का मलाच तसं दिसलं? मी चाळणी मागायच्या निमित्तानं तिकडं गेले, तर दोघं असे लांब उभे जसे काय एकमेकांचं तोंडच बघितलं न्हाई. राख मात्र अजून त्याच्या मुठीत व्हती.

पट्टे वाढत गेले. आभाळी, पिस्ता, बदामी, तपकिरी. चौकट दिसायला लागली एखाद्या पोराच्या चड्डीसारखी, ठिगळाला ठिगळ. सारजाबाई, तिची आई, कपाळाला हात लावून बसली. सावळेराम भावजी रोज कुंपणावरनं वाकून बघायचे आन् मला ऐकू येईल असं म्हशीला म्हणायचे, "सासूबाई, तयारी करा."

पण खरं सांगते, मला पैजेपेक्षा दुसरीच उत्सुकता लागली व्हती. ही पोर रंग का ठरवीना? नखरा असता तर एव्हाना कळला असता. ती प्रत्येक पट्ट्याला नीट बघायची, सकाळच्या उन्हात, मग दुपारी, मग दिवा लावून. आन् मग हळूच मान हलवायची.

बुधवारी हनुमंतानं विचारलंच. ती उंबऱ्यावर बसली व्हती, तो स्टुलावर. टर्पेंटाइनचा वास गल्लीभर सुटलेला.

"ट्रकवाला दोन मिनिटात रंग सांगतो. तुमाला एवढा विचार कशाचा पडतो?"

"ट्रकच्या आत केबिनला पण रंग लावता?"

"लावतो की. तिथं तर जास्त निगुतीनं."

"का? आतलं कोणाला दिसतंय?"

"ड्रायव्हरला दिसतं ना," हनुमंत म्हणला. "बाहेरचं चित्र रस्त्यावरची माणसं बघत्यात. ड्रायव्हर बिचारा आपल्या ट्रकचं चित्र कवा बघणार? त्याला दिसते ती आतली पट्टी. रातभर तिच्याकडंच बघत जायचं असतं. म्हणून मी मालकाला विचारत न्हाई, ड्रायव्हरला विचारतो... जो आत बसणार, त्याला."

रोहिणीनं चौकटीवरच्या एकेका पट्ट्यावरनं बोट फिरवलं. मी चुलीवरचं दूध उतरवायचं विसरले, ते गेलं उतू. गेलं तर गेलं.

"मग मला कशाला विचारताय?" ती म्हणली. आवाज हसरा व्हता, पण ओठ न्हाई. "मी कुठं आत बसणारे? रविवारी पावणं येतील. आज नाय तर उद्या कोणीतरी हो म्हणंल. मी जाणार. आन् माझ्या चौकटीतून सगळे जातील-येतील, 'रोहिणीनं ठरवला व्हता हो रंग' म्हणतील. जाणारीला विचारायचं, आन् राहणाऱ्यांनी बघायचं! मी कुठलाही पट्टा बघितला ना, तर मला वाटतं, हा रंग मला निरोप देतोय."

असं हाय व्हय! इतके दिवस आमी सगळे पोरीला चिकित्सक म्हणत व्हतो. तिच्या बापानं मायेनं दिलेलं काम, आन् तेच तिला टोचत व्हतं.

हनुमंत स्टुलावरनं खाली उतरला. ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"रविवारी पावणं... तुमाला बघायला?"

"नाय. चौकटी बघायला."

तो हसला न्हाई. "ह्या घराचं सोडा. तुमी जिथं राहणार, जिथनं तुमाला कुठं जायचं न्हाई... त्या घराच्या चौकटीला कुठला लावाल?"

ह्या वेळी मान हलली न्हाई. उत्तर असं आलं, जसं काय कधीपासनं जिभेवरच व्हतं.

"दुधी."

"बास," हनुमंत म्हणला. "ठरलं."

मी खिडकीतनंच ओरडले, "भावजी! ठरला बरं का!" कुंपणापलीकडं म्हैस हंबरली.

गुरुवारी रोहिणी मंचरला मावशीकडं गेली, रविवारसाठी साडी आणायला. हनुमंतानं दोन दिवस मान वर केली न्हाई. जेवायला सुद्धा उभ्यानं. शनिवारी दुपारी रोहिणी परत आली, ओसरी चढली, आन् दारातच थबकली.

चौकटी चमकत व्हत्या. स्वच्छ, गुळगुळीत... पांढऱ्या.

"हे काय?"

"दुधी," हनुमंत म्हणला. कानाच्या पाळ्या लाल.

"हा दुधी?"

"दुधासारखा. निव्वळ पांढरा न्हाई, जरा साय मिसळल्यागत. तीनदा घोटला."

"अहो... दुधी! दुधी भोपळा!" रोहिणीनं कपाळावर हात मारला. "तिकडं बघा!" परसात तात्यांचा मांडव व्हता, वर वेल, खाली कोवळे दुधी लोंबत व्हते. "त्याच्या सालीचा. हिरवा, पण ओरडत नाय तो. वर बारीक लव असती ना, सकाळचं ऊन पडलं की आतनं दिवा लावल्यासारखा दिसतो. तो दुधी! मांडवाच्या घरात राहून मी दुधाला दुधी म्हणीन का?"

"आमी रंगवाले तर दुधालाच दुधी म्हणतो! दुधी काच म्हणत न्हाई का?"

"मग विचारायचं ना, कंचा दुधी?"

"तुमी पहिल्यांदा काहीतरी ठरवलं व्हतं," हनुमंत म्हणला. "परत विचारलं असतं, आन् तुमी मान हलवली असती, तर?"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग तिला हसू फुटलं, मग त्याला. हसता हसता रोहिणीच्या डोळ्यात पाणी आलं, ते तिनं नव्या साडीच्या पिशवीलाच पुसलं.

कुंपणावरनं सावळेराम भावजी गरजले, "पोरीचा रंग लागला न्हाई! वहिनी, आरतीचं ताट घासा!"

"अजून गाडी लागली न्हाई दारात!" मी पण गरजले.

हनुमंत मांडवाखाली गेला. एक कोवळा दुधी तोडून आणला, चौकटीशेजारी धरला, आन् पांढऱ्यात हिरवा थेंब थेंब सोडत घोटायला बसला. रोहिणी त्याच्या शेजारी उकिडवी. "अजून एक थेंब... थांबा! जरा पिवळा... हां... हां, हाच!"

"एक हात मारून होईल," तो म्हणला. "पण वाळणार न्हाई. उद्या पावणं येताना चौकट ओली असंल."

"असू दे ओली."

"पावण्यांच्या कपड्याला लागंल."

"तुम्हाला पावण्यांची एवढी काळजी?"

"...न्हाई," हनुमंत म्हणला, आन् ब्रश बुडवला.

त्यात संध्याकाळी अवकाळी भुरभुर सुरू झाली. हवा गार, दमट. रंग जिथल्या तिथं ओला. रविवारी सकाळी हनुमंतानं पुठ्ठ्यावर खडूनं 'रंग ओला आहे' लिहून दारावर टांगलं. मी त्याच्यावर माझा टॉवेल वाळत घातला. पाऊस व्हता ना, दुसरीकडं वाळवायचा कुठं?

दहाच्या सुमाराला कमांडर जीप आली. मी पोह्याला हातभार लावायला त्यांच्याकडंच व्हते. मुलगा बिचारा सरळमार्गी व्हता, चपला काढून अंग चोरून आत गेला. मागनं त्याचा मामा. पांढरीफेक सफारी, हातात किल्ल्यांचा जुडगा, आन् दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायची सवय. टेकले. निघाले तर खांद्यापासनं ढोपरापर्यंत दुध्याची वेल.

सारजाबाई "अगंबाई!" करत धावली. मामा आधी शर्टाकडं बघतात, मग चौकटीकडं.

"हा कसला रंग म्हणायचा? लोक चॉकलेटी लावत्यात."

"पोरीनं ठरवला," तात्या म्हणले.

"पोरीला विचारून?" मामा हसले. "मग आता आमच्याकडं बी हिलाच विचारत बसायचं का, घरात काय करायचं, काय न्हाई?"

मामांनी ते गमतीनंच म्हणलं असंल. पण आमचे गेणू तात्या, जे सारजाबाईपुढं सुद्धा कधी मोठ्यानं बोलले न्हाईत, ते उभे राहिले.

"व्हय," म्हणले. "विचारत बसावं लागंल. तिला लागंल तेवढा वेळ."

मामांनी मुलाकडं बघितलं. मुलगा चटकन म्हणला, "मामा, मला बी चॉकलेटीच आवडतो." भांडण न्हाई, तंटा न्हाई. पोहे खाल्ले, चहा घेतला, आन् जीप आली तशी गेली. मुलगा जाताना रोहिणीला 'येतो' म्हणला, तेवढाच मला आवडला.

तात्या खुर्चीवर बसले, हळूच म्हणले, "पोरी, मी तुला चौकटींचा रंग विचारला. हे विचारायचंच राहिलं. आता विचारतो. तुझ्या मनात काय हाय?"

रोहिणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं... मग मागच्या खोलीकडं बघितलं. तिथं हनुमंत भिंतीच्या पायथ्याची पट्टी रंगवत बसला व्हता. बसला व्हता कसला, एकाच जागी ब्रश फिरवत व्हता. कान सगळे हिकडं.

"तात्या," ती म्हणली, "ह्यांना विचारा, ह्यांच्या घराच्या चौकटीला कुठला रंग हाय."

तात्यांनी एकदा लेकीकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. "काय रं? कुठला तू?"

हनुमंत ब्रश घेऊनच उठला. "पेठचा. चिमाजींचा थोरला."

"कांद्याच्या गाड्या भरतो तो चिमाजी? त्याच्या घरी जेवलोय मी. बरं... मग? कुठला रंग हाय चौकटीला?"

"लावला न्हाई अजून. नुसतं प्रायमर हाय."

"पेंटर असून?"

हनुमंतानं खाली बघितलं. मग वर बघितलं, ते तात्यांकडं न्हाई.

"ठरवणारं कोणी नव्हतं," म्हणला.

सारजाबाई पदराआड हुंदका देती का हसती, मला कळंना. तात्या उठून चौकटीपाशी गेले. पाऊस उघडून ऊन पडलं व्हतं, आन् ती चौकट खरंच आतनं उजळल्यासारखी दिसत व्हती.

"चिमाजीला म्हणावं, गेणू येतोय जेवायला," तात्या म्हणले. "आन् पोरा, तो ब्रश खाली ठेव. फरशीवर ठिबकतोय."

रोहिणी पुढं झाली आन् त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. "मी येते तुमच्या घरी, चौकटी बघायला," ती हळूच म्हणली. "पण एका दिवसात ठरवणार नाय हं."

"घ्या की येळ," हनुमंत म्हणला. "मी कुठं जातोय?"

आता राहिली पैज. सावळेराम भावजींनी वकिली सुरू केली. म्हणे, रंग ओला व्हता, ओला म्हंजे लागलाच न्हाई.

"मामांना विचारा लागला का न्हाई!" मी म्हणलं. सगळी गल्ली माझ्या बाजूनं.

"बरं, मग दुधी म्हंजे पांढरा दुधी," भावजी म्हणले. "पांढरी मिशी तर माझी आतनं हायेच."

"भोपळा! भोपळा!" पोरंठोरं नाचायला लागली.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर खुर्ची मांडली. दूध घालून परतणारी माणसं सायकली टेकवून थांबली, नारायणगावची एसटी सुद्धा जरा जास्तच वेळ थांबली. हनुमंतानं तेलरंगाला सपशेल नकार दिला, म्हणला, "मिशी कापावी लागंल." मग शाळेतल्या पोराकडनं पाण्याचे रंग आणले. घोटला हनुमंतानं, ब्रश धरला रोहिणीनं. भावजींनी डोळे मिटून हनुवटी अशी वर केली, जसं काय कोणी हार घालणार हाय.

एक बाजू झाली. दुसरी झाली. टोकाला रोहिणीनं बारीक पीळ काढला.

तेवढ्यात गर्दी सारत त्यांची बायको कोंडाबाई आली. ही बाई जत्रेत सुद्धा हसत न्हाई. कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली. सगळे चिडीचूप. भावजींनी एक डोळा उघडला.

कोंडाबाईनं हिरव्या मिशीकडं बघितलं... परत बघितलं... आन् खाली पारावर बसून पोट धरून हसायला लागली.

"राहू द्या तशीच!" डोळे पुसत म्हणली. "एवढ्या वर्षांनी आज कुठं बघण्यासारखे झालात!"

आन् सावळेराम भावजी, भर पारावर, सगळ्या वारूळवाडीसमोर, हिरव्या मिशीखाली नव्या नवरदेवासारखे लाजले.